यूविना क्यू : सीमाभागातल्या स्क्रॅबलवाल्यांनो, अनुभव लिहा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीत आमच्याकडे चार दिवस विजेचा लपंडाव चालला होता. भाचीनं माळ्यावरून स्क्रॅबलचा डबा काढला. पिशवीतून अक्षरांच्या टाइल घ्यायच्या, पटावर इंग्रजी शब्द लावायचे, प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. डाव रंगला, पिशवी रिकामी झाली आणि माझ्या हातात क्यू उरला. इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यू लागतो, आणि यू कुठंच नाही. तेवढ्यात भाचीच्या टाइल संपल्या. हातात उरलेल्या क्यूचे माझे दहा वजा, तिला दहा अधिक, म्हणजे वीसचा फटका. मी हरलो सात गुणांनी.

नंतर तिनंच दाखवलं की पटावर एक आय मोकळा पडला होता. क्यू-आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारात अंगातून वाहणारी प्राणशक्ती. साधे अकरा गुण झाले असते. आणि क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडून आडवा-उभा दोन्हीकडं हाच शब्द झाला, तर एका चालीत 62! डब्यात टाइल 100, त्यात यू चार आणि क्यू एकच. तो एकटा आला की मी आजवर घाबरून बदलून घ्यायचो, आणि पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की तीही सोय नाही. क्यू-आय आणि पिझ्झाचं लाडकं रूप झेड-ए हे दोन्ही खेळाला मान्य शब्दांच्या अमेरिकी यादीत 2006 साली आले. मी शाळेतल्या इंग्रजीवर विसंबून इतकी वर्षं हरत होतो.

तर क्यू, झेड, एक्स असल्या अवघड अक्षरांचे छोटे शब्द तुम्हाला कुठं भेटले, आणि अर्थ कळल्यावर काय झालं, ते लिहा. नुसती यादी नको. ती फोनवर मिळते.

खानापूर

आमच्या आजोबांची कौलांची भट्टी होती. कॉलेजात असताना मी झेड-ए-एक्स लावला, 19 गुण. मित्र म्हणाला, हे औषधाचं नाव दिसतंय. शब्दकोश उघडला, तर छपरावरच्या दगडी पाट्या छाटायचं आणि त्यांना खिळ्यासाठी भोक पाडायचं कुऱ्हाडीसारखं हत्यार निघालं. घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “कौलाला भोक कशाला पाडायचं? खाच असते की. एकात एक बसतंय.” मी म्हटलं, त्यांच्याकडं कौल नसतं, सपाट दगड असतो. तर म्हणाले, “मग गळत असणार.” भट्टी बंद होऊन बरीच वर्षं झाली. झॅक्स आला की मला अजून ती ओल्या मातीच्या कौलांची रांग दिसते.

निपाणी

माझी आई विड्या वळायची, त्यामुळं पानाचं कौतुक आम्हाला नाही. क्यू-ए-टी लावला तेव्हा धाकटा भाऊ ओरडला, “मांजर सीनं असतंय!” अर्थ सांगितला : येमेनकडची झाडाची पानं. लोक तासन्‌तास गालात धरून चघळतात, झोप उडते, तरतरी येते. आई विड्यांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, “मग तंबाखूच म्हण की.” नव्हे गं, वेगळं झाड आहे. “चुना लावत्यात काय?” नाही. “मग कसली तरतरी!” बारा गुण मिळाले, पण वाद आई जिंकली.

माजी सैनिक, बेळगाव कॅम्पजवळ

नोकरी मराठा लाईट इन्फंट्रीत. निवृत्तीनंतर नातवानं हा खेळ शिकवला. एकदा त्यानं झेड-ओ लावला. मी म्हटलं, हे काय, झू अर्धा राहिला का? तो म्हणाला, आजोबा, याक आणि गाय यांचं संकरित जनावर. मी हसायलाच लागलो. लडाखला असताना त्या जनावरांच्या मागनं कितीदा चाललोय! तिथं झो म्हणतात नराला, मादी ती झोमो. अंगानं दांडगं, नांगराला आणि ओझ्याला चालतं. डी आधी लावून डी-झेड-ओ असंही चालतं. मात्र आधी ठरवून घ्या : हे शब्द कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत आहेत, अमेरिकी यादीत नाहीत. आमच्यात यावरून नातू दोन दिवस बोलत नव्हता.

शहापूर, गृहिणी

ए-आय. तो संगणकवाला एआय नव्हे, ते संक्षिप्त रूप चालत नाही. हा छोट्या अक्षरातला खरा शब्द आहे. मी आपली ‘आई’ म्हणून गमतीनं लावला होता, मुलगा म्हणाला, चालतो! मी खूश. मग त्यानं अर्थ वाचला : दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा आळशी प्राणी, दिवसभर फांदीला लोंबकळणारा. त्या दिवशी पहाटे पाचला उठून मी चौघांचे डबे केले होते. दुसऱ्या दिवशी डबा त्याचा त्यानं भरला.

मूळ भालकीचा, आता वडगावात

आमची भालकी बेळगावकरांना फक्त सीमाप्रश्नाच्या मोर्चाच्या घोषणेत आठवते, असो. क्यू-ए-एन-ए-टी हा पाच अक्षरी आहे, पण यू नाही म्हणून घ्या. कनात म्हटलं की मला मांडवाची कनात आठवायची, कापडाची. इंग्रजीत आलेला हा शब्द वेगळाच. जमिनीखालून उताराच्या बोगद्यानं पाणी आणायची इराणी पद्धत, वरून ठराविक अंतरावर विहिरीसारखी भोकं. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातलं हेच काम आहे, तिथं करेझ म्हणतात. लहानपणी त्या भोकांत आम्ही खडे टाकून आवाज ऐकायचो. खडे कशावर टाकत होतो ते स्क्रॅबलनं सांगितलं. गुण 14, फार नाहीत.

अनगोळ

जी-एच-आय. पुण्याच्या मेहुण्यानं डबल ई-शिवाय तूप मानायलाच नकार दिला. शब्दकोशात दोन्ही आहेत. सातच गुण, पण त्याच्या ताटातल्या मांड्यावर तूप घातलं नाही.

धागाकर्ता

‘अर्थ ठाऊक नसताना शब्द लावणं ही लबाडी’ असा एक निरोप आलाय. खेळाच्या नियमात अर्थ सांगायची अट नाही. पण वर बघा, ज्यांना अर्थ कळला त्यांचेच शब्द घरात राहिले. मला क्यू-आय आता जन्मात विसरणार नाही, त्याला कारण मात्र ते सात गुण.

काल पुन्हा बसलो. यावेळी क्यू भाचीकडं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. मी पटावरचे मोकळे आय एकेक करून बुजवले. अरबी बाजार, एस-यू-क्यू, तोही बसू नये म्हणून यूच्या आजूबाजूला गर्दी केली. मग निवांतपणे एफ-ए लावला, इंग्रजी सरगमातला चौथा सूर. तिनं शांतपणे त्यापुढं क्यू, आय, आर ठेवले आणि मोठ्यानं वाचलं, “फकीर!”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “थांबा म्हणावं, पीठ आणतेय.”