प्रतिसाद: दुबार नोंदी
तुम्ही म्हणता, बँकेची सीएसव्ही (व्यवहारांच्या तक्त्याची साधी फाइल) एचलेजर या हिशेबाच्या प्रोग्रामात पुन्हा आत घेतली की नोंदी दुबार होतात. एचलेजरची ‘इम्पोर्ट’ आज्ञा वापरा. शेवटची तारीख ती एका लपवलेल्या फाइलीत जपते, त्याआधीच्या ओळी पुन्हा घेत नाही. आधी ‘ड्राय-रन’ लावून, म्हणजे काहीही न लिहिता नुसती चाचणी करून बघाच.

खरी मेहनत नियमांच्या फाइलीत, म्हणजे कुठली ओळ कुठल्या खात्यात टाकायची हे सांगणाऱ्या फाइलीत. इथे इंदूरला सकाळच्या पोह्यांपासून रात्री सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसापर्यंत सगळं यूपीआयवर, आणि बँकेच्या तपशिलात दुकानाऐवजी मालकाचं नाव. माझे महिनाभराचे पोहे ‘किरकोळ’मध्ये पडले होते. आता पोहेवाल्याचा यूपीआय आयडीच नियमात घातलाय.

आणि शिल्लकेचा रकाना सोडू नका हो! तो नियमात जोडला की मधली एक ओळ गळली तरी नंतर हिशेबाची वही वाचताना एचलेजर तिथेच अडतं.