मदत हवी आहे: गोळ्यांच्या मशीनचा हिशोब लागत नाही

ऋजुता_धनकवडी
नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. अक्षय्य तृतीयेला गोळ्यांची तीन मशीन लावली. नाणं टाकून कडी फिरवली की खालून गोळ्या पडतात, ती. तिन्ही जुनीच घेतली, मिळून साडेतेरा हजारांना. एक धनकवडीत स्टेशनरीच्या दुकानात, एक सिंहगड रोडला लहान मुलांच्या सलूनमध्ये, एक बिबवेवाडीत स्नॅक्स सेंटरला. बाकी दोन बरी चालतात. स्टेशनरीच्या दुकानातलं मात्र डोकं खातंय. 3 किलो गोळ्या संपल्या, म्हणजे 1250 रुपये यायला हवे होते. पेटीत निघाले 863. गोळ्यांचे 690 आणि दुकानदाराचे 25 टक्के वजा केले तर 43 रुपये माझ्याच खिशातून गेले. वर मुलं तक्रार करतात की नाणं जातच नाही. काय करू? मशीन काढून घेऊ का? शक्यतो आजच सांगा, उद्या सकाळी तिकडे जाणार आहे.

तूपभात
कोणत्या गोळ्या? किती रुपयांचं नाणं? मशीन दुकानाच्या आत आहे की बाहेर? एका वेळी किती गोळ्या पडतात? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कॉइनबॉक्सवाला
पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते आधी सांगा. बाकीचं नंतर.

ऋजुता_धनकवडी
@तूपभात, सुट्ट्या रंगीत बटण गोळ्या, कडक साखरेच्या. रविवार पेठेतून 230 रुपये किलोने आणते. नाणं पाचचं. मशीन आत, काउंटरच्या बाजूला. एका वेळी 12 ग्रॅम.
@कॉइनबॉक्सवाला, एक माझ्याकडे, एक दुकानदार काकांकडे. मधेच काही अडकलं तर उघडता यावं म्हणून दिली होती.

कॉइनबॉक्सवाला
मग उत्तर तुमच्यासमोरच आहे. 2004 ते 2009 स्वारगेट ते पद्मावती पट्ट्यात माझे एक रुपयात फोन लागणारे सात कॉइन बॉक्स होते. किल्ली दुकानदाराकडे ठेवली की महिन्याला शे-दोनशे कमी भरायचेच. माणूस वाईट असतो असं नाही, पण संध्याकाळी सुटे लागले की हात पेटीकडे जातो. दुसऱ्या दिवशी परत टाकू म्हणतो आणि विसरतो. किल्ली काढून घ्या. दर आठवड्याला स्वतः जा, त्यांच्यासमोर पेटी उघडा, त्यांच्यासमोर मोजा, त्यांचा वाटा तिथल्या तिथे द्या. धंदा जागेवर आणि हिशोबावर चालतो, मशीनवर नाही.

शार्दुल_वाकड
ताई, गोळ्या सोडा. त्याच मशीनमध्ये प्लास्टिकच्या कॅप्सूल बसतात, आत छोटी खेळणी घाला. पावसाळ्यात चिकट होत नाहीत, मुंग्या नाहीत, एक्स्पायरी नाही. जपानमध्ये अशा मशीनच्या रांगाच्या रांगा असतात. वाकडला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी दोन लावलीत, 20 रुपयांना एक कॅप्सूल जाते.

तूपभात
@शार्दुल, कॅप्सूलला आतलं माल पाडणारं चाक वेगळं लागतं, मोठ्या घरांचं. बटण गोळ्यांच्या चाकातून कॅप्सूल कशी पडेल? आणि धनकवडीतल्या शाळेतल्या मुलाच्या हातात 20 रुपये कुठून येणार? पाचात मूठभर रंग मिळतात म्हणून तर ते थांबतं. त्यांचा प्रश्न हिशोबाचा आहे.

मेधा_फराळ
परवाना काढला आहे का? हे आधी बघा, नंतर धावपळ होते. 2022 ला मी घरगुती फराळासाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी होती, त्यांच्या फॉस्कॉस या साइटवर, वर्षाला 100 रुपये. फोटो, ओळखपत्र, पत्ता, झालं. 14 अंकी नंबर मिळतो, तो मशीनवर चिकटवा. गोळ्यांच्या खोक्यावरचा बॅच नंबर आणि तारीख जपून ठेवा. सुट्ट्या करून भरल्या की तेवढाच पुरावा उरतो.

ऋजुता_धनकवडी
मेधाताई, नोंदणी आहे. धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नाहीये.
@कॉइनबॉक्सवाला, खरं सांगू, मलाही तीच शंका आली. म्हणून परवा काकांना जरा तोडूनच बोलले. ते काहीच बोलले नाहीत, किल्ली काढून काउंटरवर ठेवली. तेव्हापासून मनाला लागलंय. माझ्या शाळेपासूनचं दुकान आहे ते. वह्या तिथूनच घ्यायचो.

पूर्वा_परिचारिका
तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगते. मशीनवर ठळक लिहा, 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. गोल, कडक, गुळगुळीत गोळी लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकते. वॉर्डमध्ये हे पाहिलंय. सलूनमध्ये तर दोन-तीन वर्षांची मुलं खुर्चीत बसून रडत असतात आणि गप्प बसवायला तोंडात गोळी दिली जाते. तिथे खरंच दुसरं काहीतरी ठेवा. कळकळीने सांगतेय.

ऋजुता_धनकवडी
पूर्वाताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. सलूनचं मशीन हलवते.

नाशिककर_मिलिंद
सुट्ट्या गोळ्या म्हटलं की आम्हाला रावळगावच आठवतं. मामाचं गाव मालेगाव तालुक्यात, कारखान्याजवळून जाताना एसटीत साखरेचा वास यायचा. पान पसंद भरा ताई, मोठी माणसंही थांबतील.

निशिगंध_77
पान पसंद कागदात गुंडाळलेली येते, अशा मशीनमध्ये कागदाचे कान चाकात अडकतील. अवांतर: वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये रावळगावचा साखर कारखाना काढला, गोळ्या 1942 पासून. 2024 मध्ये ते ब्रँड रिलायन्सने 27 कोटींना घेतले. आमच्याकडे दिवाळीला मँगो मूडची पिशवी यायची, आजी एकेकाला दोनच द्यायची.

नाशिककर_मिलिंद
27 कोटीच? ऐकून वाईट वाटलं.

तूपभात
मंडळी, रावळगावसाठी वेगळा धागा काढा. ऋजुता, एक विचारते. 863 हा आकडा पुन्हा बघा. मशीन पाचचं नाणं घेतं ना? मग रकमेच्या शेवटी 0 किंवा 5 असायला हवं. 863 आले कसे?

ऋजुता_धनकवडी
दोनची नाणी पण होती. बरीच. म्हणूनच तर शंका आली ना. वाटलं काकांनी गिऱ्हाइकाला द्यायला पाच काढले आणि बदल्यात दोन टाकले. हे लिहायचं राहिलं, सॉरी.

तूपभात
अहो, हेच तर आधी लिहायचं! किती पाचची आणि किती दोनची? नाणी अजून आहेत का?

ऋजुता_धनकवडी
पिशवीत आहेत. थांबा, मोजते.
पाचची 123, दोनची 124.

तूपभात
123 आणि 124 म्हणजे 247 नाणी. 3 किलोला 12 ग्रॅमने 250 वेळा कडी फिरते. गोळ्यांचा हिशोब जवळजवळ बरोबर आहे! एकही नाणं कमी नाहीये. कोणी पैसे काढले असते तर नाण्यांची संख्या घटली असती. मुलंच दोनची नाणी टाकतायत आणि मशीन ती घेतंय.

कॉइनबॉक्सवाला
एका पाचच्या जागी एक दोनचं टाकलं तरी संख्या तेवढीच राहते. आणि पाचच्या मशीनमध्ये दोनचं नाणं कसं जाईल? आमच्या बॉक्समध्ये वेगळं नाणं खटकन खाली परत यायचं.

नाणेवेडा
इथे मी काही सांगू शकतो. नाणी जमवतो.
2019 च्या मार्चमध्ये नवी मालिका आली, धान्याच्या कणसांची. त्यात मापं बदलली. जुन्या पाचचा व्यास 23 मिमी, नव्या पाचचा 25. आणि नवं दोन आहे 23 मिमी. म्हणजे जुनं पाच आणि नवं दोन एकाच व्यासाचे. दोनचं हलकं आहे, 4.07 ग्रॅम, पण तुमचं मशीन वजन बघत नसेल तर त्याला फरक कळणार नाही. 2011 चं दोन 25 मिमीचं, ते खाचेत बसायचंच नाही.
तपासणं सोपं आहे. पिशवीतली दोनची नाणी बघा. सगळ्यांवर 2019 किंवा नंतरचं साल असेल तर ती खाचेतून आलीत. कोणी गल्ल्यातून बदली केली असती तर त्यात 2011 च्या मालिकेतली मोठी दोनची नाणी आलीच असती, ती अजून भरपूर फिरतात. कणसांऐवजी काहींवर अमृत महोत्सवाचं चिन्ह असेल, ती 2022 ची, मापं तीच.

भोसरी_टर्नर
नाणेवेडा यांचं बरोबर आहे. ही मशीन मी दुरुस्त केलीत. वीज नाही, वजन नाही, काही नाही. नाणं गोल खाचेत बसतं, कडी फिरली की खटका नाण्याच्या कडेवरून घसरतो. नाणं लहान असेल तर खटका खाली पडून चकती अडवतो. मोठं असेल तर खाचेत बसतच नाही. बास. जाडीतला थोडा फरक चालून जातो, त्यात जुनं मशीन म्हणजे खटक्याची स्प्रिंग ढिली. मुलं ‘नाणं जात नाही’ म्हणतात ते नवं 25 मिमीचं पाच असणार.

ऋजुता_धनकवडी
124 च्या 124 बघितली. सगळी 2019 नंतरची. एकही जुनं नाही.
आणि पाचच्या 123 मध्ये एकही कणसांचं नाही.
मी काकांना काय बोलून बसले.

कॉइनबॉक्सवाला
माझं चुकलं. न बघता बोललो. उद्या जाल तेव्हा त्यांना हेही सांगा की एका अनोळखी माणसाने फोरमवर संशय घेतला आणि त्याने तो मागे घेतला. किल्लीचा नियम मात्र मी बदलणार नाही. दोघांच्या समोर मोजलं की हा प्रसंगच येत नाही.

यूपीआय_फॅन
नाण्यांची कटकटच नको. क्यूआर कोडवाली इलेक्ट्रॉनिक मशीन घ्या. आता भाजीवालाही नाणी ठेवत नाही.

तूपभात
@यूपीआय_फॅन, तिसरीतल्या मुलाकडे कुठे यूपीआय? आणि त्या मशीनला वीज आणि नेट लागतं, किंमतही कितीतरी जास्त. साडेतेरा हजारांत तीन घेतलेल्या माणसाला हा सल्ला कामाचा नाही.

भोसरी_टर्नर
ताई, माझं मत: तिन्ही मशीन दहाच्या नाण्यावर करा. दहाचं नाणं पहिल्यापासून 27 मिमीचंच आहे, डिझाइन कितीही बदलली तरी. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय की चौदाही डिझाइन वैध. फक्त खाचेची चकती बदलायची आणि खटका लावून घ्यायचा. वीसचं नाणंही 27 मिमीच आहे, पण बाराकोनी, आणि दहाच्या मालासाठी वीस कोण टाकतंय.
हिशोबही बघा. पाचला 12 ग्रॅम म्हणजे किलोला 83 वेळा, 415 रुपये. 230 गोळ्यांचे, 104 दुकानदाराचे, तुम्हाला 81. दहाला 15 ग्रॅम दिले तर 66 वेळा, 660. 230 आणि 165 वजा करून 265 उरतात. पाचमध्ये तुमची मेहनतच निघत नाही.

तूपभात
दहाला 15 ग्रॅम मुलांना कमी वाटतील. 18 द्या. वेळा कमी होतील पण मुलं परत येतील.

भोसरी_टर्नर
18 दिले तर किलोला 55 वेळा, 550 रुपये, हातात 182. तेही चालेल. चाकाची घरं कमी-जास्त करायची पट्टी आतच असते. सेट केल्यावर दहा वेळा फिरवून पडलेला माल तराजूवर घाला आणि दहाने भागा. एकदाच बघून ठरवू नका, पहिल्या दोन वेळा चाक अर्धवट भरलेलं असतं.
अजून एक. पावसाळ्यात 3 किलो एकदम भरू नका. हवेतल्या ओलाव्याने साखर पाझरते, गोळ्या गठ्ठा होतात आणि चाक घासतं. किलोभर भरा, उरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. चाक कोरड्या फडक्यानेच पुसा, पाणी लावू नका.

मेधा_फराळ
आणि जुन्या गोळ्या तळाला ठेवून वर नव्या ओतू नका. रिकामं करून, पुसून, मग भरा.

ऋजुता_धनकवडी
जाऊन आले. उशिरा लिहितेय.
पिशवी काउंटरवर ओतली, दोनची आणि जुनं पाचचं नाणं एकावर एक ठेवून काकांना दाखवलं. कडेला कड जुळली. मी माफी मागितली. ते म्हणाले, दोनचं जातं ते मला माहीत नव्हतं गं, पण नवं पाच जात नाही ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मग काउंटरखालून पेढ्याचा रिकामा डबा काढला. आत जुनी पाचची नाणी. गल्ल्यात आली की वेगळी काढायचे, आणि एखाद्या पोराचं नवं पाच अडकलं की बदलून द्यायचे. म्हणून 123 तरी आली. मला कधी बोलले नाहीत, त्यांना वाटलं मशीन असंच असतं.
किल्ली परत घ्या म्हटलं तर म्हणाले, तुझ्याकडेच असू दे, शनिवारी ये, दोघं मिळून मोजू.
@भोसरी_टर्नर, तिन्ही मशीनच्या चकत्या दहाच्या करून द्याल का? व्यनि (खासगी निरोप) केलाय. सलूनचं तर काढूनच आणलंय, ते आधी करता येईल.

भोसरी_टर्नर
व्यनि बघितला. चकती सोडवताना मधला नट उलट्या आट्याचा असू शकतो, जोर लावू नका, तशीच आणा. आणि सोबत दहाची पाच-सहा वेगवेगळ्या सालांची नाणी आणा, व्हर्निअर लावून व्यास मोजून बघतो. त्या दोनच्या नाण्यांतलंही एक आणा, खटका किती झिजलाय ते कळेल.

नाणेवेडा
दहाची पंधरा सालांची आहेत माझ्याकडे. सिंहगड रोडलाच राहतो, शुक्रवारी सलूनपाशी आणून देतो. फक्त परत हवीत.