कलम १४४ नाही, ३७(३)
वर एकांनी लिहिलंय की नाशकात सण आला की जमावबंदीचं कलम १४४ लावतात आणि दोन-दोन महिने उठवत नाहीत. वैताग पटतो, कलम मात्र वेगळं. १४४ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेसोबतच गेलं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे आणि दोन महिन्यांची मुदत त्यातली. आपल्याकडे सणासुदीला निघणारा मनाई आदेश बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७(१) आणि ३७(३) खाली असतो. ३७(१) मध्ये शस्त्रं वगैरे बाळगायला मनाई, जमावबंदी ३७(३) मध्ये येते, आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपुढे चालत नाही. म्हणून तर पंधरवडा सरला की तोच मजकूर नुसत्या तारखा बदलून पुन्हा येतो. माझ्या मते ही सरळसरळ पळवाट आहे.

आणि खाली सही कुणाची तेही बघत जा. शहरात, म्हणजे पंचवटी, सातपूर, नाशिकरोडला पोलीस आयुक्तांचा आदेश. शहराबाहेर सिन्नर-त्र्यंबकला तो लागूच नाही, तिथे जिल्हादंडाधिकाऱ्यांचा लागतो. लग्नाची वरात, अंत्ययात्रा सहसा शेवटच्या परिच्छेदात वगळलेल्या असतात, पण व्हॉट्सॲपवर फिरतं ते फक्त पहिलं पान.