योनाचा राग मला पटतो

रानवाट:
हिब्रू शास्त्रातला संदेष्टा योना म्हटलं की लोकांना त्याला गिळणारा मासा तेवढा आठवतो. मला त्याचा राग आठवतो. देव म्हणाला निनवेला जाऊन विनाशाचा इशारा दे, आणि हा याफोच्या बंदरावर भाडं मोजून उलट दिशेच्या, तार्शीशच्या जहाजात चढला. सगळे त्याला पळपुटा म्हणतात. पण निनवे म्हणजे अश्शूरांचं नगर. बंडखोर नायकांची कातडी सोलल्याचं अश्शूरी राजे आपल्याच शिलालेखांत अभिमानानं कोरून ठेवत. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास त्यांनीच राजधानी शोमरोन पाडून उत्तरेचं इस्राएल राज्य संपवलं. अशांना सुधारायला चाळीस दिवसांची मुदत आणि पस्तावले म्हणून वर माफी? ज्यांची घरं जळली त्यांना कुणी विचारलं?

शब्दवेडी:
नाही पटत. का पळालो, ते चौथ्या अध्यायात योनाच सांगतो: तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं. हे शब्द निर्गमाच्या पुस्तकातल्या ३४ व्या अध्यायातले, इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू ओतून पुजल्याच्या पापानंतर त्यांचा पुढारी मोशे यानं देवाकडून ऐकलेले. म्हणजे इस्राएल स्वतः याच दयेवर तगलं. ती परक्याला मिळाली तर का खुपावं?

रानवाट:
वासरू ओतताना त्यांनी परक्या गावांवर जुलूम केला नव्हता. ज्यानं सोसलं, माफीचा हक्क त्याचा. आणि निनवेकरांनी केलं काय? पस्तावा म्हणून गोणताट, म्हणजे जाडंभरडं कापड नेसलं, गुरांनाही पांघरलं. एवढ्यानं भागतं?

अलिबागकर:
आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, जुनी माणसं दरफाळणीचा सण म्हणत. पाण्याचा थेंबही न घेता उपास, आणि दुपार कलली की मिनहाच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक. आजोबा एका ओळीवर बोट ठेवून थांबायचे: देवानं त्यांची कृत्यं पाहिली. दुष्काळातल्या उपासाला वडीलधाऱ्यानं लोकांना हेच सांगावं, असं मिश्ना या जुन्या ज्यू धर्मग्रंथात आहे: गोणताट पाहिलं, उपास पाहिला, असं तिथे लिहिलेलं नाही. निनवेच्या राजाचा हुकूमही हातातला जुलूम सोडा असाच होता. तुमच्या गोणताटाच्या शंकेचं उत्तर यात आहे. सोसणाऱ्यांच्या हक्काचं मात्र नाही, हे मला मान्य आहे.

शब्दवेडी:
किकायोनचं झाड पाहा ना. नगराचं काय होतं ते बघायला योना बाहेर मांडव घालून बसला, तिथे त्याच्या सावलीला देवानं ते उगवलं. रात्रीत उगवलं, दुसऱ्या दिवशी कीड लागून वाळलं, वर पूर्वेचा झळा मारणारा वारा. सावली गेली म्हणून योना मरण मागतो. देव म्हणतो, ज्याला तू वाढवलं नाहीस त्या झाडासाठी हळहळतोस, मग उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरं, त्यांच्यासाठी मी हळहळू नये? यात लहानगी लेकरंही आली. त्यांनी कुणाची कातडी सोलली?

रानवाट:
लेकरांचं मानतो. राजाचं नाही. शास्त्रातल्या बारा संदेष्ट्यांच्या पुस्तकांत योनानंतर फक्त मीखा सोडला की नहूम येतो, आणि तो याच निनवेच्या विनाशावर टाळ्या वाजवतो. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेलकर आणि मेदींनी ते नगर पाडलंही. शास्त्रानं दोन्ही पुस्तकं ठेवली, एकही गाळलं नाही. योनाचं पुस्तक तर देवाच्या प्रश्नावरच थांबतं, त्याचं उत्तर लिहिलेलं नाही. मी असतो तर नगराच्या पूर्वेला त्या मांडवात अजून बसून राहिलो असतो.