हाक मारली की कुत्री थांबते, बघते आणि जाते

टाचणी

नारायणगावहून जुन्नरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. पुढे रस्ता, मागे दोन एकर द्राक्षबाग आणि तिच्या बांधाला लागून शेजाऱ्यांचा ऊस. मी घरीच शिवणकाम करते.

लाली आमच्याकडे टोमॅटोच्या क्रेटमधून आली. मिस्टर मार्केटला माल टाकून परत आले, रिकाम्या क्रेट उतरवताना एकीत मुठीएवढं पिल्लू निघालं. गावठीच. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. आता अकरा महिन्यांची झाली आहे.

हुशार आहे हो. माझं मशीन थांबलं की मी आता उठणार हे तिला कळतं आणि ती आधीच दारात जाऊन उभी राहते. खारीच्या डब्याचं झाकण नुसतं 'टक' वाजलं तरी द्राक्षाच्या शेवटच्या ओळीतून धावत येते. पण हाक मारली तर नाही. थांबते, मान वळवते, माझ्याकडे नीट बघते, म्हणजे ऐकलंय हे नक्की, आणि मग जाते. सगळा राग त्या बघण्याचा येतो.

हाका तशा खूप होतात आमच्याकडे. सासूबाई 'यू यू यू' करतात. मुलगा सातवीत आहे, तो 'कम, लाली, कम'. मिस्टर शिट्टी मारतात. मी 'लाले, इकडं ये गं'. अंघोळ घालायची, गोचीड काढायचे, रात्री साखळी लावायची, या सगळ्यासाठी मीच हाक मारते कारण बाकी कोणाला वेळ नसतो.

काळजीचं कारण ऊस आहे. आमच्या भागात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरचा कुत्रा ओट्यावरून नेला. दिवस मावळायला लागला की लालीला नेमकं उसाकडे जायचं असतं, तिथे मुंगूस दिसतं तिला.

एक गोष्ट लपवत नाही. महिन्यापूर्वी अशीच अंधार पडताना गेली. मी चाळीस मिनिटं बांधावर बॅटरी घेऊन ओरडत होते. घशाला कोरड पडली. शेवटी आपण होऊन आली, शेपटी हलवत, आणि मी तिला चपलेनं मारलं. दोनदा. तेव्हापासून हाक मारली की दहा फुटांवर थांबते, जवळ येतच नाही.

दिवसभर बांधून ठेवायचं मला जिवावर येतं. शिकवणारा माणूस इथे मिळत नाही. पुण्यातल्या एकाने फोनवर महिन्याचा जो आकडा सांगितला तेवढ्यासाठी मला चाळीस ब्लाऊज शिवावे लागतील. घरच्या घरी काही होईल का?

---

आडवा_बांध

ताई, एवढं काय त्यात. आमच्या वस्तीवर तीन कुत्री आहेत. काठी हातात घेतली की तिन्ही गपगुमान येऊन बसतात. लाड केले की डोक्यावर बसतात जनावरं.

---

बेदाणाशेड

आडवा_बांध, तुमची कुत्री काठीला बघून बसतात, कारण पळालं तर जास्त बसेल हे त्यांना ठाऊक आहे. शंभर पावलांवर, उसाच्या तोंडाशी असताना काठी दाखवून बघा. जनावर उलट दिशेने जाईल. ताईंना हवंय ते नेमकं तिथे.

टाचणीताई, मी तासगावचा. बँकेतून निवृत्त झालो, आता बेदाण्याच्या शेडवर असतो आणि शेडवर चार कुत्री आहेत, त्यातला एक कारवानी. ससा दिसला की त्याचे कान बंद होतात, त्यामुळे या विषयात माझे हाल भरपूर झालेले आहेत. सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमध्ये उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. खारीचा डबा. त्या डब्याने लालीला आजवर एकदाही फसवलेलं नाही. 'टक' वाजलं की खारी, दरवेळी. आणि 'लाले, इकडं ये गं' म्हणजे काय? अंघोळ, गोचीड, साखळी आणि आता चप्पल. ती बघते ना तुमच्याकडे, तेव्हा हिशोब करत असते. तुम्हाला राग येतो, पण तिचा हिशोब बरोबर आहे.

पावलोव्हचं नाव शाळेत ऐकलं असेल. रशियन माणूस, १९०४ साली नोबेल मिळालं, तेही पचनावरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की अन्न यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनेच लाळ सुटते. तुमच्या डब्याचं झाकण तेच काम करतं. आपल्याला फक्त झाकणाच्या जागी एक शब्द बसवायचा आहे.

जुनी हाक सोडून द्या. ती नासली. नासलेलं दूध उकळून चांगलं होत नाही. नवा शब्द घ्या, जो घरात एरवी कोणी बोलत नाही आणि ज्याच्या शेवटी लांब स्वर आहे, म्हणजे बांधावरून ओढून मारता येईल. आमचा शब्द 'पिपाणी' आहे. शेजारी हसतात, हसू देत.

पहिला आठवडा शब्द फक्त घरात. कुत्री दोन हातांवर असताना, दुसरं काही चालू नसताना शब्द म्हणायचा आणि लगेच तोंडात घास. तिने काहीच करायचं नाही, यायचंसुद्धा नाही. शब्द आधी, घास मागून, हा क्रम सोडू नका. आधी पिशवीत हात घातलात तर ती हाताकडे बघायला शिकेल, शब्द वाऱ्यावर. दिवसाला दहा-बारा वेळा, तेही दोन-तीन तुकड्यांत. मशिनवर बॉबिन बदलायला उठता तेव्हा दोनदा करा, झालं.

घास म्हणजे खारी नको. कोंबडीवाल्याकडून पावशेर कलेजी आणा, नुसत्या पाण्यात उकडा. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याला बाधतं. तुकडा हरभऱ्याएवढा. मोठा दिलात तर चार घासांत पोट भरेल आणि धडा संपेल. कलेजी रोज फार घालू नये, मधून उकडलेलं अंडं चालतं. आणि हा घास त्या शब्दाशिवाय घरात कोणीही द्यायचा नाही. सासूबाईंना हे सांगणं कुत्रीला शिकवण्यापेक्षा अवघड जाईल, मला कल्पना आहे.

ती घरात शब्दासरशी गर्रकन वळायला लागली की अंगणात जायचं, पण दोरीवर. शेळीला बांधतात तसली सुती दोरी, तीस फूट, गळपट्ट्याला नाही, अंगात घालायच्या पट्ट्याला. पळताना गळ्याला हिसका बसू नये म्हणून. दोरी ओढायची नाही, जमिनीवर लोळत राहू द्या. तिचं काम एवढंच की शब्द ऐकून ती गेलीच तर तिला उसात जाण्याचं बक्षीस मिळू नये. शब्द एकदाच म्हणायचा. नाही आली तर पुन्हा ओरडू नका, दोरीवर पाय ठेवा, गप जवळ जा, पुढच्या वेळी अंतर निम्मं करा. आणि पाठलाग करायचा नाही. आपण तिच्या मागे पळालो की तिच्यासाठी तो खेळ. उलटं पळा, घराकडे. माणूस पळताना दिसला की कुत्र्याला मागे यावंसंच वाटतं.

आली की घास द्यायच्या आधी गळपट्ट्याला हात लावा. हात, मग घास, मग 'जा' म्हणून पुन्हा मोकळी सोडा. हे सोडणं लोक विसरतात. दहातल्या नऊ वेळा आलेल्या कुत्रीला परत खेळायला सोडलं पाहिजे, नाहीतर 'येणं' म्हणजे 'मजा संपणं' हे तिला चार दिवसांत समजतं. अंघोळीला बोलवायचं नाही, आपण उठून तिच्यापर्यंत जायचं.

आणि कितीही वेळाने आली तरी हातात घासच. तुम्ही मारलंत तेव्हा तिच्या लेखी उसात जाण्याला मार पडला नाही, परत येण्याला पडला. स्वतःला फार लावून घेऊ नका, मीही एकदा पट्ट्याने मारलंय आणि ते जनावर दोन महिने माझ्या सावलीला घाबरलं होतं.

जाता जाता, बाग आहे म्हणून सांगतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक आहे, किती खाल्लं की होईल याचा काही भरवसा नाही. पडलेले मणी खाते का बघा. आम्ही शेडभोवती म्हणूनच जाळी मारली.

---

पाणचक्की

बेदाणाशेड यांच्या लिखाणात एक जोडते. पडलेला कान एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. आमचा लॅब्रेडॉर 'हट्टी' आहे म्हणून आम्ही सहा महिने त्याच्यावर चिडत होतो, कानात संसर्ग झालेला निघाला. लाली झाकण ऐकते म्हणजे बहुतेक ठीकच असेल, पण खात्री बरी.

आणि अकरा महिने म्हणजे तिचं आडनिडं वय आहे. या वयात आधी शिकलेलं सुद्धा विसरल्यासारखं करतात. माजावर आली तर ते दिवस दोरी अजिबात सोडू नका, तेव्हा कलेजीही कामी येत नाही. ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारून घ्या.

---

टाचणी

दोघांचेही आभार. काका, 'नासलेलं दूध' वाचून थोडं रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शब्द ठरला: भिंगरी. मुलाने सुचवला. एक शंका. शब्द शिकून होईपर्यंत संध्याकाळचं काय करायचं? बिबट्या काही आमच्या धड्याची वाट बघत थांबणार नाही.

---

बेदाणाशेड

साडेपाचनंतर दोरीशिवाय बाहेर नाही, आणि रात्री ओट्यावर नाही, बंद खोलीत. धडा पक्का झाला तरी हे बदलायचं नाही. हाक ही दिवसासाठी आहे. दबा धरलेल्या बिबट्यासमोर कुत्रीचे कान कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

---

टाचणी

बावीस दिवस झाले, म्हणून लिहायला आले.

कान ठीक आहे, डॉक्टरांनी रेबीजचं इंजेक्शनही देऊन टाकलं.

पहिले चार दिवस घरात वेड्यासारखं वाटलं. कुत्री पायाशी बसलेली, आणि मी 'भिंगरी' म्हणून तिला कलेजी भरवतेय. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईने विचारलं, पूजा आहे का काही. पाचव्या दिवशी लाली अंगणात मांजरीकडे टक लावून बसली होती, मी आतून सहज म्हटलं आणि ती अशी वळली की पाय घसरून पडली. त्या दिवशी मी तिला तीन तुकडे दिले.

सासूबाईंनी दोन दिवस चोरून चपाती भरवली. मग मी कलेजीचा डबा त्यांच्याकडेच दिला आणि म्हटलं, आई, हे तुम्हीच करा, मला मशीन सोडवत नाही. आता कोणी जादा तुकडा मागितला तर त्या देत नाहीत, मलासुद्धा.

गळपट्ट्याला हात लावण्याचं जड गेलं. हात पुढे केला की डोळे मिटायची. चपलेमुळेच. मग मी खाली बसून, तिच्याकडे पाठ करून हात मागे धरायला लागले. तीन दिवसांनी नाक लावलं हाताला. आता पट्टा धरू देते, पण मी उभी असले तर अजून थोडी अंग चोरते.

फजिती पण सांगते. चौदाव्या दिवशी मला वाटलं झालं आता, दोरी सोडली. दुपारची वेळ, बांधावर मुंगूस. 'भिंगरीऽऽ' म्हटलं. थांबली, बघितलं, गेली. तेच जुनं बघणं. मी दुसऱ्यांदा ओरडले नाही, काका, शपथ. घराकडे पळाले. साडी, चप्पल, सगळं सांभाळत. शेजारचे ऊसतोडीवाले बघत होते. पायरीपाशी पोचले तर ही माझ्या आधी तिथे. कलेजी दिली, तेव्हा माझेच हात थरथरत होते. पुन्हा दोरी लावली, ती अजून आहे.

सध्या अंगणात दहाला दहा. बागेत दोरीवर दहातल्या सात-आठ. मुंगूस असेल तर देवाची कृपा.

आता एकच अडचण. सासूबाई माझ्या मुलालाही जेवायला 'भिंगरी' म्हणूनच हाक मारायला लागल्यात, कारण तो लगेच येतो. लाली गोंधळेल का?

---

बेदाणाशेड

लाली गोंधळेल. मुलाला दुसरा शब्द द्या. घास मात्र त्यालाही दरवेळी द्या, नाहीतर तोही थांबून बघायला लागेल.