नायकाची एंट्री बुलेटशिवाय जमेल का? पडद्यावरचं पेट्रोल आणि सेटवरचं डिझेल

पारावरचा_लेखक

मंडळी, सहा भागांच्या मराठी वेब मालिकेचं लिखाण चालू आहे. वाई-भोर पट्ट्यातलं गाव, नायक महावितरणचा लाइनमन. पहिल्या खर्ड्यात तो बुलेटवरून येतो, कारण सगळेच नायक तसेच येतात. मला त्याला इलेक्ट्रिक दुचाकी द्यायची आहे. दिग्दर्शकाचं म्हणणं, "धडधड नसेल तर एंट्री फुसकी होते." ही अडचण लेखनातून आणि तंत्रातून कशी सोडवता येईल?

गावात सौर पंप, छतावरचे पॅनेल हेही येणार आहेत. ते दाखवताना हमखास काय चुकतं? आणि तिसरी गोष्ट, पडद्यावर सौर ऊर्जा नि वाड्यामागे दिवसभर डिझेल जनरेटर हे मला पटत नाही. छोट्या बजेटमध्ये तो किती कमी करता येतो? निर्माते म्हणतात, बुलेट राहू दे, सिगारेटसारखी खाली पट्टी टाकू. मला तर हसूच आलं, पण तुमचं मत सांगा.

बूमवाला

आधी धडधड म्हणजे काय ते बघू. लांब स्ट्रोकचं ३५० सीसीचं एकच सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक ठोका. आयडलिंगला १००० आरपीएम धरलं तर सेकंदाला आठ-साडेआठ ठोके. हे ठोके कानाला सुटे-सुटे कळतात, म्हणून तो ताल वाटतो. त्यावर लो अँगल, ५० फ्रेमचं स्लो मोशन, धूळ आणि ढोलाचा ठेका चढवला की एंट्री तयार. यात पेट्रोलचा वाटा अगदी थोडा आहे. बाकीची मेहनत कॅमेरा, साउंड आणि संगीत यांची, आणि ती दुसऱ्या गाडीसाठीही करता येते.

इलेक्ट्रिक गाडीला खोटं इंजिन चिकटवू नका, लगेच कळतं. तिचे स्वतःचे आवाज पकडा. मोटरच्या आवरणावर कॉन्टॅक्ट माइक (हवेऐवजी थेट कंपन पकडणारा) लावला की वेगाबरोबर चढत जाणारी शीळ मिळते. टेलिफोन पिकअप कॉइल मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या जवळ नेली तर कानाला एरवी न येणारी विद्युतचुंबकीय गुणगुण रेकॉर्ड होते. एंट्रीच्या संगीताला हीच गुणगुण खालचा सूर म्हणून द्या. तिसरा थर टायरचा. डांबर, मुरूम, ओली फरशी, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि इंजिन नसल्यामुळे तो स्वच्छ मिळतो. स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणारा दांडा) छोटा लॅपल माइक, त्यावर केसाळ विंडशील्ड, आणि वायर मोटरच्या तारांपासून लांबून न्या.

नेहमी होणारा घोळ म्हणजे वायरलेसचा रिसीव्हर सीटखाली कंट्रोलरशेजारी ठेवणं. मग आवाजात चिरचिर येते आणि दोष माइकला दिला जातो. छोटा रेकॉर्डर चालवणाऱ्याच्या अंगावरच ठेवला की प्रश्न मिटतो.

लेखकासाठी खरा फायदा संवादाचा आहे. बुलेटवरचा संवाद डब करावाच लागतो. इलेक्ट्रिक स्कूटरवर २५-३० च्या वेगाने दोघं बोलत असतील तर सिंक साउंड, म्हणजे शूट करतानाच रेकॉर्ड झालेला आवाज, वापरण्याजोगा मिळतो. मागे बसलेला माणूस हळू आवाजात गुपित सांगतोय असा प्रसंग पेट्रोलच्या गाडीवर शूट होतच नाही. मी लेखक असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. शिवाय नायक गल्लीत कुणाला चाहूल न लागता पोचतो. ऐन भांडणात तो दारात उभा दिसला तर त्या एंट्रीला कोण फुसकी म्हणेल?

केल्विन५६००

पडद्यावरची दुचाकी दिवसभरात लिटरभर पेट्रोल पिईल. वाड्यामागची जेनी, म्हणजे जनरेटर, किती पिते ते बघा.

शूटिंगची लहान टीम बऱ्याचदा ६२.५ केव्हीएची जनरेटर व्हॅन मागवते, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने ५० किलोवॅट. हा हिशोब टंगस्टन आणि एचएमआय या जास्त वीज खाणाऱ्या जुन्या दिव्यांच्या जमान्यातला. दोन ४ किलोवॅटचे एचएमआय, तीन २ किलोवॅटचे टंगस्टन एवढ्यानेच १४-१५ किलोवॅट होत. आज तोच वाड्याचा इंटेरिअर, म्हणजे आतला प्रसंग, असा उजळतो: खिडकीबाहेर १२०० वॅटचे दोन एलईडी, आत ३०० वॅटचे चार, ट्यूब मिळून ४०० वॅट, मॉनिटर-चार्जर-डेटा मिळून ६००. एकूण ४.६ किलोवॅट. पन्नासच्या जनरेटरवर हा भार दहा टक्केही नाही.

आणि नुकसान होतं ते इथेच. योग्य भारावर डिझेल जनरेटर एका युनिट विजेला पाव लिटरच्या थोडं वर डिझेल घेतो. दहा टक्के भारावर बरंचसं डिझेल इंजिन स्वतः फिरत राहण्यातच जातं. बारा तासांत साधारण ४० लिटर जळतं आणि वीज मिळते जेमतेम ५५ युनिट. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १०७ किलो झाले. ३० टक्क्यांच्या खाली इंजिन तासन्‌तास चाललं की डिझेल पुरतं जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा चिकट थर साचतो आणि धूर वाढतो. मग ड्रायव्हर म्हणतो "इंजिन म्हातारं झालंय". म्हातारं वगैरे काही नाही, त्याला कामच दिलेलं नाही.

पहिलं काम, लाइट लिस्ट हातात आल्यावर वॅटची बेरीज करा आणि व्हॅन त्यानंतर मागवा. तुमच्या दिवसाच्या इंटेरिअरला १० केव्हीएचा सायलेंट संच पुरतो. त्याहून बरं म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेटचा पॉवर स्टेशन. ३.६ युनिटच्या डब्यातून इन्व्हर्टरचा तोटा जाता तीन युनिट हाती येतात, म्हणजे ६०० वॅटचे तीन दिवे पूर्ण प्रखरतेवर तास-चाळीस मिनिटं. शॉटच्या मधे दिवे बंद ठेवायची शिस्त असेल तर अर्धा दिवस जातो. दोन डबे घ्या, एक वापरात, एक घरगुती १६ अँपियरच्या सॉकेटवर चार्जिंगला. काही इलेक्ट्रिक मोटारींतून बाहेर तीन किलोवॅटच्या आसपास वीज काढता येते. नदीकाठच्या, घाटातल्या एक-दोन शॉटना तेवढी बस्स.

चुका कुठे होतात? मे महिन्यात डबा उन्हात ठेवला की आतली यंत्रणा चार्जिंग मंदावते किंवा थांबवते. सावली आणि हवा द्या, वर ओलं पोतं टाकू नका. स्वस्त एलईडीचा पॉवर फॅक्टर ०.६ पर्यंत खाली असतो, म्हणजे ३०० वॅटचा दिवा ५०० व्हीए मागतो, मग इन्व्हर्टर "ओव्हरलोड" दाखवतो आणि सगळे डोकं खाजवत बसतात. मोठे दिवे एकदम सुरू करू नका. सुरुवातीच्या करंटच्या झटक्याने बी प्रकारचा एमसीबी उडतो. सी प्रकारचा लावा आणि दिवे एकेक करून लावा. ३० मिलिअँपियरच्या एकाच आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच) डझनभर एलईडी ड्रायव्हर चढवले तरी ट्रिप होतं, कारण प्रत्येकाची थोडी-थोडी गळती एकत्र जमते. दिवे दोन-तीन आरसीसीबींवर वाटा. कृपा करून आरसीसीबी काढून थेट जोडणी करू नका, वाड्याची फरशी ओली असते.

आणि खरा राक्षस व्हॅनिटी, म्हणजे कलाकारांची एसी गाडी. तिचा स्वतंत्र जनरेटर कॉल टाइमपासून पॅकअपपर्यंत एसीसाठी चालू असतो, आत कुणी असो-नसो. गावात दोन-तीन खोल्या भाड्याने घ्या, पंखे-कूलर लावा. दिव्यांत जे वाचवाल त्याहून जास्त डिझेल इथे वाचेल. कलाकारांना हे सांगायचं काम मात्र लाइन प्रोड्यूसरचं, दिवे सांभाळणाऱ्या गॅफरच्या गळ्यात घालू नका.

पारावरचा_लेखक

केल्विनदादा, दंडवत. वाड्याला मीटर आहेच. शेजारच्या मळ्यात थ्री फेज पंपाची लाइनही आहे. तिथून तात्पुरती घेतली तर?

केल्विन५६००

अजिबात नको. शेतीपंपाची जोडणी सवलतीच्या दराची. ती शूटिंगला वापरली की विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. घरगुती मीटरवर व्यावसायिक शूटिंग केलं तरी तेच कलम. शिवाय वाड्याचा मंजूर भार बिलावर बघा, एक-दोन किलोवॅट असेल. रीतसर मार्ग म्हणजे महावितरणकडे तात्पुरती जोडणी मागणं, गणेश मंडळं घेतात तशी. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, अनामत भरावी लागते. लोकेशन पक्कं झालं की लगेच अर्ज टाका, शूटच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० पर्यंत पडू शकतं. म्हणून रेकीला, म्हणजे जागा बघायला जाल तेव्हा, दुपारी आणि संध्याकाळी सातला, दोन्ही वेळा मीटर लावून बघा. चांगले एलईडी १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फरक पडत नाही. स्वस्तातले लुकलुकतात.

आणि जनरेटर व लाइन यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हीपैकी एकच जोडणारा) हवाच. तो नसेल तर तुमची वीज उलटी लाइनवर चढते आणि खांबावर काम करणारा माणूस मरतो. तुमचा नायक लाइनमन आहे ना?

शिवारफेरी

शेवटच्या वाक्याला धरूनच पुढे. छतावरचे ऑन-ग्रिड, म्हणजे गावाच्या लाइनला जोडलेले, पॅनेल असलेल्या घरात, गावाची वीज गेली तरी दिवे चालू असं मालिकांत दाखवतात. ते चूक आहे. ग्रिड गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, आणि तो बंद पडतो तुमच्या लाइनमनसाठीच. मेलेली समजून हात लावलेल्या लाइनवर घराघरांतून वीज येऊ नये म्हणून. दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी असलेली हायब्रिड यंत्रणा हवी. दुसऱ्या बाजूला, चेंजओव्हर न लावता जनरेटर जोडणारा बंगलेवाला ही जिवंत धोक्याची गोष्ट आहे. वादळानंतरची रात्र, खांबावर नायक, खाली कुणाच्या तरी बंगल्यात जनरेटर सुरू होतो. तुम्हाला आख्खा भाग मिळाला, भाषण एकही नाही.

सौर पंपाचं सांगतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४८०० वॅटचे पॅनेल लागतात, म्हणजे ५४० वॅटचे नऊ. कला विभाग दोन पॅनेल उभे करून मोकळा होतो, शेतकरी प्रेक्षक तिथेच हसतो. तोंड दक्षिणेला, कल साधारण १८-२० अंश. आंब्याच्या सावलीत अजिबात नाही. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घसरते. बॅटरी नसते, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात सौर पंपाचं पाणी दाखवू नका. सकाळी धार बारीक, दुपारी भरदार. ढग आला की कंट्रोलर मोटरचा वेग कमी करतो आणि धार डोळ्यांदेखत रोडावते, ऊन आलं की पुन्हा फुगते. कॅमेऱ्याला यापेक्षा चांगलं काय हवं?

आणि ग्लॅमरचंच म्हणाल तर शेतकऱ्याच्या लेखी ते दिवसाच्या पाण्यात आहे. शेतीची लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत टॉर्च घेऊन, साप-बिबट्याच्या धास्तीत दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी वळवायचं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. ज्याचा अर्ज मंजूर झाला तो रात्री घरी झोपतो, शेजारचा अजून जागतोय. दोघांच्या बांधावरच्या भांडणात पर्यावरण हा शब्दही यायची गरज नाही. केबल चोरीला जाणं, पॅनेलवर धुळीचा थर बसणं, पंप बिघडल्यावर कंपनीच्या माणसाची वाट बघणं, हेही येऊ द्या. नाहीतर सरकारी जाहिरात होईल.

फर्स्टडे_फर्स्टशो

थोडा विरोधी सूर. धडधड नुसती तंत्राची करामत नाही, तिच्यामागे बाजार आहे. १९७३ साली 'बॉबी'त दिसलेल्या राजदूत जीटीएस १७५ ला लोक 'बॉबी' म्हणूनच ओळखू लागले. पडदा गाड्या विकतो. म्हणून इलेक्ट्रिक गाडी देणारी कंपनीही येईल, आणि तिच्या अटी करारात नीट वाचा. गाडी बंद पडलेली दाखवायची नाही, चार्जिंग संपलेलं दाखवायचं नाही, अशी कलमं असतात. ती मान्य केलीत तर शिवारफेरी म्हणतात ती जाहिरात तुमचीच झाली.

चांगल्या माणसाला इलेक्ट्रिक आणि वाईटाला काळा धूर, हे तर करूच नका. सावकाराला इलेक्ट्रिक मोटार द्या, दूधवाल्याला इलेक्ट्रिक तीनचाकी. नायिका पुण्याहून येते ती एसटीच्या शिवाई या इलेक्ट्रिक बसमधून येऊ दे. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर शिवाई सुरू झाली, १९४८ साली त्याच तारखेला त्याच मार्गावर पहिली एसटी धावली होती. कॅमेरा त्यावर रेंगाळला नाही तरच ती गोष्ट रोजची वाटते.

पट्टीबद्दल: तंबाखूची पट्टी २०१२ च्या नियमांनी आली, ती सक्तीची आहे. बुलेटला तशी सक्ती नाही, आणि स्वतःहून टाकलीत तर चेष्टा होईल. त्यापेक्षा फटाके फोडणारा बदललेला सायलेन्सर दाखवणार असाल तर त्याचा परिणामही दाखवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड, वर लायसन्सवर गदा. जप्त सायलेन्सरांवर पोलिस रोडरोलर फिरवतात, तो शॉट कुठल्याही पट्टीपेक्षा भारी.

आणि दरीत पडली की गाडीचा स्फोट, हेही सोडा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, म्हणून टाकी बॉम्बसारखी उडत नाही. पडद्यावरचा तो गोळा बारुदाने मुद्दाम उडवून पेटवलेल्या इंधनाचा.

पारावरचा_लेखक

जनरेटरवाला भाग उद्याच लिहायला घेतो. एकच शंका. स्कूटरच्या डिस्प्लेचा क्लोजअप टेस्टला लुकलुकत होता. कॅमेरा २४ फ्रेमवर आहे.

केल्विन५६००

दोन कारणं असू शकतात. रस्त्यावरच्या किंवा घरच्या ५० हर्ट्झच्या दिव्यांमुळे असेल तर शटर १७२.८ अंशांवर ठेवा, म्हणजे १/५० सेकंद, लुकलुक जाईल. त्याने गेली नाही तर डिस्प्लेचा स्वतःचा बॅकलाइट पल्सवर, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन, मंद होतोय. मग गाडीच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस पूर्ण करा, बहुतेक स्क्रीन पूर्ण प्रखरतेवर पल्स करत नाहीत, आणि जास्तीचा उजेड लेन्सवर एनडी फिल्टर लावून कापा.

बूमवाला

त्या क्लोजअपला बॅटरीचा टक्का स्क्रिप्टशी जुळतोय का तेही बघा. कंटिन्युइटीवाल्यांना गाडीचा टक्का लिहून ठेवायची सवय नसते. एका शॉटला ८२ आणि पुढच्याला ३४ दिसलं की लोक स्क्रीनशॉट काढतात.