बंपरचा कान तुटलाय, घरी चिकटेल का?

घाटउतार: भाच्याने गाडी गडग्याला घासली, पुढच्या बंपरचा फेंडरजवळचा कान (बंपर गाडीला अडकवायची पट्टी) तुटला आणि खाली बोटभर चीर गेलीय. फेविक्विक लावलं, दुसऱ्या दिवशी परत हातात. अॅरल्डाइट लावू का?

पावसची पोर: आधी आतल्या बाजूला काय छापलंय बघ. बंपर बहुतेक पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन) असतात, ते मेणचट प्लास्टिक, त्यावर साधा गम धरतच नाही. एबीएस हे दुसरं, कडक प्लास्टिक असेल (पुढची जाळी, आरशाचं कव्हर वगैरे) तर मजा आहे, अॅसिटोनमध्ये त्याच प्लास्टिकचा चुरा विरघळवून लेप लाव, एकजीव होतो.

मिरकरवाडा: होडीचं फायबरचं काम करणाऱ्याकडे ने रे, मॅट आणि रेझिन मारून देईल, दगडासारखं होतं.

पावसची पोर: पीपीवर नाही हो चालत ते, नुसतं सोलून निघतं.

घाटउतार: पीपीच आहे, वर काहीतरी ईपीडीएम पण लिहिलंय.

दर्याकाठ: ईपीडीएम म्हणजे पीपीत मिसळलेलं रबर. मग गम सोड, वितळवूनच जोड. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाड म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी आतून दाबून बसव आणि वरून पीपीचीच पट्टी वितळव. जाळी स्टेनलेसचीच घे, आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी गंजते. खिडक्या उघड्या ठेव, धूर वाईट असतो. कान मात्र पूर्ण गायब असेल तर एवढी उस्तवार कशाला, भंगारातून बंपर बघ.